वसुधा-कुटुंबाचे सुभाषित : वक्ता, प्रसंग आणि अर्थ

प्रास्ताविक

वसुधेला कुटुंब मानणारे सुभाषित ठाऊक नाही असा सुशिक्षित भारतीय विरळाच. हा आपला आणि तो परका अशी गणना कोत्या मनाची माणसे करतात, उदारचरितांना मात्र सारी पृथ्वीच कुटुंबासारखी असते, असा त्याचा आशय. शालेय पाठ्यपुस्तके, दीक्षान्त भाषणे, सांस्कृतिक मंडळांच्या निमंत्रणपत्रिका, परराष्ट्र धोरणावरील व्याख्याने अशा सर्व ठिकाणी ते आढळते. 2023 साली भारताकडे जी-20 राष्ट्रगटाचे अध्यक्षपद होते, तेव्हा याच सुभाषिताचा अखेरचा चरण परिषदेचे घोषवाक्य म्हणून जगभर पोहोचला.

या प्रसिद्धीबरोबर एक आक्षेपही गेल्या काही वर्षांत पुढे आला. हे वचन ‘हितोपदेशा’त एका कपटी कोल्ह्याच्या तोंडी आहे, ग्रंथकाराने ते भोळेपणाची थट्टा करण्यासाठी योजले, सबब ते भारतीय विश्वबंधुत्वाचा पुरावा म्हणून सांगणे हे अज्ञान होय, असा या आक्षेपाचा रोख आहे. ‘संदर्भ पाहा’ असे आक्षेपक म्हणतात, आणि ते म्हणणे रास्तच आहे. प्रश्न एवढाच की, संदर्भ पाहायचा तो कोठपर्यंत? एका श्लोकाच्या अलीकडे-पलीकडे दोन वाक्ये वाचून थांबायचे, की कथा संपेपर्यंत, की त्या कथेला सामावून घेणारी मोठी कथा संपेपर्यंत वाचायचे? प्रस्तुत लेखात या एका सुभाषिताच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आरंभी पाठाविषयी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. या वचनाचे दोन पाठ प्रचलित आहेत. एकात आरंभी ‘निज’ आणि ‘पर’ हे शब्द येतात. तो ‘पंचतंत्र’ आणि ‘हितोपदेश’ या नीतिकथाग्रंथांतील पाठ होय. दुसऱ्यात ‘बंधु’ हा शब्द येतो. तो महोपनिषदातील पाठ होय. आता गंमत अशी की, सभा-समारंभांत म्हटला जातो तो बहुधा पहिला पाठ आणि खाली निर्देश दिला जातो तो बहुधा महोपनिषदाचा. शब्द नीतिकथेचे आणि अधिकार उपनिषदाचा, अशी ही जोडणी आहे. वचनाला प्रतिष्ठित मूळ मिळावे ही इच्छा समजण्याजोगी आहे. पण या एका अदलाबदलीने कोल्हाही नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर कथाही.

कोल्ह्याचे भाषण

‘हितोपदेशा’चा कर्ता नारायण. धवलचंद्र नावाच्या मांडलिक राजाचा तो आश्रित होता, असे ग्रंथाच्या शेवटी येते. ग्रंथाचे सर्वांत जुने दिनांकित हस्तलिखित 1373 सालचे आहे. ‘मित्रलाभ’ या पहिल्या प्रकरणातील आपली कथा अशी आहे.

मगध देशातील चंपकवती नावाच्या अरण्यात एक हरिण आणि एक कावळा दीर्घकाळ स्नेहाने राहत होते. धष्टपुष्ट झालेल्या त्या हरणाला एका कोल्ह्याने पाहिले. हे मांस खायला मिळावे तर आधी विश्वास संपादन केला पाहिजे, असे मनाशी ठरवून तो पुढे झाला. त्याचे नावच क्षुद्रबुद्धी. ‘या वनात मी बंधुहीन, मेल्यासारखा राहत होतो, आता तुझ्यासारखा मित्र लाभला आणि मी पुन्हा जिवंतांच्या जगात आलो’ अशा अर्थाचे काहीतरी तो बोलतो. हरिण त्याला घरी आणते. चाफ्याच्या झाडावरचा सुबुद्धी नावाचा कावळा विचारतो, हा दुसरा कोण? आणि लगेच बजावतो की, ज्याचे कूळ आणि शील ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये. मराठीत ‘अज्ञातकुलशील’ हा शब्द अजून वापरात आहे, तो याच विचाराचा अवशेष. आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ कावळा जरद्गव नावाच्या आंधळ्या गिधाडाची आणि दीर्घकर्ण नावाच्या मांजराची कथा सांगतो.

यावर कोल्हा रागावून जे उत्तर देतो ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो कावळ्याला विचारतो, हरणाची तुझी पहिली भेट झाली त्या दिवशी तूही अज्ञातकुलशीलच नव्हतास काय? मग तुम्हा दोघांचा स्नेह दिवसेंदिवस वाढला तो कसा? यापाठोपाठ तो दोन सुभाषिते म्हणतो. पहिले एरंडाचे. जेथे झाडच नाही त्या प्रदेशात एरंडही वृक्ष म्हणून मिरवतो, ही मराठी वाचकाच्या परिचयाची उक्ती या कोल्ह्याच्या तोंडची आहे, आणि ती कावळ्याला उद्देशून मारलेला टोमणा आहे. दुसरे सुभाषित वसुधा-कुटुंबाचे. शेवटी तो म्हणतो, हे हरिण जसा माझा बंधू तसाच तूही. हरिण म्हणते, वाद कशाला, सगळे एकत्र सुखाने राहू. कावळाही ‘असे होवो’ म्हणतो.

पुढचा भाग वाचकाला माहीत असेलच. कोल्हा हरणाला पिकाने भरलेले शेत दाखवतो, शेतकरी फास लावतो, हरिण त्यात अडकते. कोल्ह्याला ते बंधन तोडण्याची विनंती करते तेव्हा तो सांगतो, फास स्नायूंचा आहे, आणि आज तर रविवार, आज मी दातांनी त्याला स्पर्श कसा करू? (रविवारासाठी येथे वापरलेल्या ‘भट्टारकवार’ या शब्दाचा उपयोग अभ्यासकांनी ग्रंथाच्या कालनिर्णयासाठी केला आहे. कोल्ह्याच्या दांभिकपणाचा असा उपयोग होईल हे नारायणाला स्वप्नातही वाटले नसेल.) संध्याकाळी शोध घेत आलेला कावळा हरणाला मेल्याचे सोंग करायला सांगतो. शेतकरी फसतो, हरिण पळते, आणि शेतकऱ्याने रागाने फेकलेली काठी दबा धरून बसलेल्या कोल्ह्याला लागून तो मरतो.

तेव्हा वक्ता लबाड आहे यात संशय नाही. परंतु वक्ता लबाड म्हणून वचन लबाड, हा निष्कर्ष कथेतून निघत नाही. कोल्ह्याचा युक्तिवाद तर्कदृष्ट्या बिनतोड आहे. कावळ्याचा नियम काटेकोरपणे पाळला असता तर हरिण आणि कावळा यांची मैत्रीच झाली नसती. कावळ्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, आणि म्हणूनच तो गप्प बसून संमती देतो. दुसरे असे की, ज्या वचनाला समाजात मुळातच मान नाही त्याचा फसवणुकीसाठी काहीही उपयोग नसतो. खोटे नाणे चालते ते खऱ्या नाण्याच्या पतीवर. कोल्ह्याने हे सुभाषित निवडले यावरून, नारायणाच्या श्रोत्यांना ते वंदनीय वाटत होते, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

नारायणाची ही योजना एकाच ठिकाणी नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. कावळ्याने सांगितलेल्या कथेतील दीर्घकर्ण मांजर गिधाडाला अहिंसा, चांद्रायण व्रत आणि अतिथिधर्म यांवर प्रवचन देते. केवळ जातीवरून कोणाला मारावे किंवा पूजावे काय, आधी त्याचा व्यवहार पाहावा, असा एरवी कोणत्याही सुधारकाला शोभेल असा विचार ते मांडते, आणि मग झाडाच्या ढोलीत राहून पक्ष्यांची पिल्ले खाते. याच प्रकरणात आणखी एक म्हातारा वाघ आहे. तो स्नान करून, हातात दर्भ आणि सोन्याचे कडे घेऊन तळ्याकाठी बसतो, धर्मशास्त्र पढल्याचे सांगतो आणि लोभी वाटसरूला चिखलात रुतवून खातो. तीन हिंस्र प्राणी आणि तिघांच्याही मुखी उत्तमोत्तम वचने! राजपुत्रांच्या शिक्षणासाठी रचलेल्या ग्रंथात हे योगायोगाने घडले असे मानता येत नाही. राजाच्या कानाशी दिवसभर वचने बोलणारी माणसे असतात. वचन खरे की खोटे याहून, ते हा माणूस मला आत्ता का ऐकवीत आहे, हे ओळखण्याचे शिक्षण येथे दिले जात आहे.

कथेबाहेरची कथा

येथपर्यंत आक्षेपकांबरोबर चालता येते. पण येथे थांबले की त्यांच्याकडूनही तीच चूक घडते जी घोषवाक्यवाल्यांकडून घडली. कोल्ह्याची कथा स्वतंत्र नाही. ती हिरण्यक नावाचा उंदीर लघुपतनक नावाच्या कावळ्याला सांगत आहे. लघुपतनकाला उंदराशी मैत्री करायची आहे. उंदीर बिळाच्या आतून म्हणतो, तू भक्षक, मी भक्ष्य. आपली मैत्री म्हणजे विपत्तीचे कारण. आणि दाखला म्हणून तो हरिण-कोल्ह्याची कथा सांगतो. म्हणजे ही संपूर्ण कथा परक्याशी मैत्री नाकारण्यासाठी केलेला एक युक्तिवाद आहे. तो कोणाचा? स्वभावतः भित्र्या, पण विचारी अशा उंदराचा.

मग पुढे काय होते? लघुपतनक चिकाटी सोडत नाही. संवाद लांबतो, दोन्ही बाजूंनी वचनांची देवाणघेवाण होते, आणि अखेर हिरण्यक बिळाबाहेर येऊन त्या कावळ्याचा मित्र होतो. पुढे दोघे मंथर नावाच्या कासवाकडे जातात, एक हरिणही त्यांना येऊन मिळते, आणि पारध्याच्या तावडीतून एकमेकांना सोडवण्यात प्रकरण संपते. उंदीर, कावळा, कासव, हरिण यांची जात, कूळ, अन्न, राहण्याची जागा यांपैकी एकही गोष्ट समान नाही. ज्या प्रकरणाचे नावच ‘मित्रलाभ’ आहे, त्यात कोल्ह्याच्या कथेने घातलेला इशारा मैत्रीचा मार्ग बंद करीत नाही. मैत्री जोडण्यापूर्वी दुसऱ्याला पारखून घेण्यास तो सांगतो.

आतील कथा एक सांगते आणि बाहेरील कथेचा शेवट दुसरे सांगतो. ‘हितोपदेशा’ची रचनाच अशी पेटीत पेटी ठेवल्यासारखी आहे. श्लोकापुरते वाचले तर विश्वबंधुत्व दिसते, कथेपर्यंत वाचले तर त्याची थट्टा दिसते, आणि प्रकरण पूर्ण वाचले तर परस्परभिन्न जीवांच्या स्नेहाची, पण डोळे उघडे ठेवून केलेल्या स्नेहाची गोष्ट दिसते. तिसरे वाचन पहिल्या दोहोंना खोटे ठरवीत नाही, तर दोहोंना आपापल्या जागी बसवते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चार ब्राह्मण आणि एक सिंह

नारायणाने आपला ग्रंथ पंचतंत्र आणि अन्य एका ग्रंथावरून रचल्याचे आरंभीच सांगितले आहे. पंचतंत्रातही हे सुभाषित आहे, पण तेथे कोल्हा नाही. ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रात चार ब्राह्मणपुत्रांची कथा येते. तिघे शास्त्रपारंगत पण व्यवहारशून्य, चौथा शास्त्रविन्मुख पण समंजस. धनार्जनासाठी परदेशी निघाल्यावर पहिला म्हणतो, विद्या नसलेल्या या चौथ्याला आपल्या कमाईत वाटा नको. दुसरा त्याला घरी परत जायला सांगतो. तिसरा म्हणतो, हे योग्य नव्हे. लहानपणापासून आपण एकत्र खेळलो, त्यालाही वाटा मिळावा. आणि तो वसुधा-कुटुंबाचे सुभाषित म्हणतो. अरण्यात त्यांना मेलेल्या सिंहाची हाडे दिसतात. एक जण सांगाडा जुळवतो, दुसरा त्यावर मांस, रक्त, कातडे चढवतो, तिसरा प्राण घालू लागतो. चौथा म्हणतो, हा सिंह आहे, तो आपल्याला मारील. त्याचे कोणी ऐकत नाही, तेव्हा तो झाडावर चढतो. सिंह उठून तिघांना मारतो आणि चौथा सुखरूप घरी परततो.

या कथेत वचन मनापासून उच्चारले आहे. त्याचा परिणामही प्रत्यक्ष आहे, कारण त्यामुळे एका उपेक्षित सोबत्याला बरोबर घेतले जाते आणि कमाईत वाटा देण्याचे मान्य होते. येथे ‘वसुधा’ म्हणजे राष्ट्रांचा समूह नव्हे. एका गावातील चार मित्रांमधील न्यायाचा हा प्रश्न आहे. आणि तरीही ज्याच्या तोंडी हे औदार्य आहे तो ग्रंथकाराच्या मते मूर्खांतच जमा आहे. उदारपणा आणि शहाणपणा यांचे एकमेकांवाचून अडते, हे पंचतंत्रकाराला येथे दाखवायचे दिसते.

दिल्लीच्या जुन्या संसदभवनात, म्हणजे 2023 पासूनच्या संविधान सदनात, जी वचने कोरलेली आहेत त्यांच्या नोंदीत या सुभाषितासमोर पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचाच निर्देश आहे. ज्या पंडितांनी तो निर्देश दिला त्यांनी उपनिषदाचा आधार शोधला नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. ज्या कथेत विद्वानांचे बहुमत एका समंजस माणसाचे ऐकत नाही, त्या कथेतील श्लोक विधिमंडळाच्या भिंतीवर असणे अगदीच अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

उपनिषदातील अर्थ

महोपनिषद हे सामवेदाशी जोडलेले, उत्तरकालीन उपनिषद आहे. त्याचा मोठा भाग ‘लघुयोगवासिष्ठा’शी जुळतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. सहाव्या अध्यायात हे वचन येते तेव्हा बोलणारा ऋभू आणि ऐकणारा निदाघ आहे. आधीच्या श्लोकांत जीवन्मुक्ताचे वर्णन आहे : बाहेरून तो सर्व आचार पाळतो, उद्योग करतो, आशावंतासारखा दिसतो, अंतर्यामी मात्र त्याने सर्व संग सोडलेला असतो. पुढच्या श्लोकांत जरामरणरहित, रागरहित पदाचा आश्रय घेण्याचा उपदेश आहे. याच्या मधोमध आपले सुभाषित. येथे पृथ्वी कुटुंब होते ती प्रेम वाढल्यामुळे नव्हे, तर ममत्व गळाल्यामुळे.

योगवासिष्ठाच्या उपशम प्रकरणात हा अर्थ आणखी स्पष्ट होतो. तेथे श्लोकाचा पूर्वार्ध तोच आहे, पण उत्तरार्धात वसुधाही नाही आणि कुटुंबही नाही. उदारचरितांची बुद्धी आवरणरहित असते, असा त्याचा शेवट आहे. त्याला लागूनच पुण्य आणि पावन या दोन भावांचे आख्यान येते. वडिलांच्या मृत्यूने व्याकुळ झालेल्या धाकट्याला थोरला विचारतो, आजवरच्या असंख्य जन्मांत तुझे किती बाप आणि किती बांधव होऊन गेले, त्यांतील कोणाकोणासाठी रडशील? आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या व्यासपीठावरून हा अर्थ कोणी सांगणार नाही, आणि सांगितला तर तो सोयीचाही ठरणार नाही.

मराठीत या वचनाच्या जोडीला ज्ञानेश्वरीतील विश्वाला घर मानणारी ओवी देण्याची प्रथा आहे. तिचेही असेच झाले आहे. बाराव्या अध्यायातील ती ओवी गीतेतील ‘अनिकेत’ या शब्दावरील भाष्याचा भाग आहे. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. वाऱ्याला जसे एके ठायी बिऱ्हाड नसते तसा जो कोठेच आश्रय धरीत नाही, त्याच्या संदर्भात ज्ञानेश्वर विश्वच घर झाल्याची गोष्ट करतात. घर नसलेल्याचे हे घर आहे. ओवी एकटी काढली की घर उरते आणि बेघरपण नाहीसे होते.

वक्ता कोठे हरवला?

वचनामागचा वक्ता पुसला जाण्याची प्रक्रिया आधुनिक काळातील नव्हे. सुभाषितसंग्रहांची परंपरा जुनी आहे. श्रीधरदासाचे ‘सदुक्तिकर्णामृत’ 1205 मधील, तर ‘शार्ङ्गधरपद्धती’ 1363 मधील. श्लोक मूळ कृतीतून काढून विषयवार लावणे हेच या संग्रहांचे कार्य. त्यांत अनेकदा कवीचे नाव मिळते, परंतु काव्यात तो श्लोक कोणी, कोणाला, कशासाठी म्हटला हे मिळत नाही.

मुद्रणाने ही गोष्ट घरोघर नेली. ‘हितोपदेश’ हा छापील युगातील सर्वाधिक भाग्यवान संस्कृत ग्रंथांपैकी एक. चार्ल्स विल्किन्स यांचे इंग्रजी भाषांतर 1787 चे. श्रीरामपूर येथील मूळ संस्कृत आवृत्ती 1804 ची. 1861 साली ‘हितोपदेशा’चे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध करणारे एडविन आर्नल्ड हे पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिले होते. मुंबई संस्कृत ग्रंथमालेचा आरंभच कीलहॉर्न आणि ब्यूलर यांच्या पंचतंत्राने 1868 च्या सुमारास झाला. पीटरसन यांचा ‘हितोपदेश’ त्याच मालेत 1887 मध्ये आला. पुढे मो. रा. काळे यांच्या सटीप आवृत्त्यांवर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. त्यांना कोल्हा ठाऊक होता, कारण परीक्षेत कथाच विचारली जात असे.

याच काळात, 1886 साली, निर्णयसागर छापखान्याने काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादित केलेले ‘सुभाषितरत्नभाण्डागारम्’ प्रसिद्ध केले. वक्ते, भाषणकार, पाठ्यपुस्तककार यांच्या हाती हजारो श्लोकांचे सुसज्ज कोठार आले. या ग्रंथाचे ऋण मोठे आहे, आणि त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण संस्कृतचे कथावाचन जसजसे आक्रसत गेले आणि ‘सुभाषितमाला’ हा पाठ्यपुस्तकातील एका पानाचा पाठ तेवढा उरला, तसतसा कोल्हाही गेला, चौथा ब्राह्मणही गेला आणि निदाघही गेला. 1994 मध्ये ब्रायन हॅचर यांनी ‘कॉन्ट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी’ या नियतकालिकातील लेखात या वचनाच्या आधुनिक वापराची चिकित्सा केली, तेव्हा हे पुसलेले प्रसंग पुन्हा चर्चेत आले.

येथे एक अडचण मान्य केली पाहिजे. कादंबरीतील वाक्याला जसा एक निश्चित मूळ संदर्भ असतो तसा सुभाषिताला नसतो. ते जन्मतःच फिरस्ते असते. नारायणाने ते पंचतंत्राच्या परंपरेतून घेतले आणि वक्ता बदलला. महोपनिषदकाराला ते अन्य कोठून मिळाले आणि त्याने त्यातील ‘निज’ काढून ‘बंधु’ घातला, की उलट घडले, हे ठरवण्यापेक्षा महत्त्वाचे हे की, प्रत्येकाने ते योजताना त्याला एक नवा बोलणारा आणि एक नवा ऐकणारा दिला. आजचा वक्ता जेव्हा ते व्यासपीठावरून म्हणतो तेव्हा तोही या मालिकेत दाखल होतो. तो पाहुण्याला घरात घेण्यासाठी बोलत आहे की पाहुण्याच्या घरातील हरणावर डोळा ठेवून, हे त्याच्या पुढील वर्तनावरूनच ठरेल. ‘हितोपदेशा’तील कावळ्यालाही ते शेतातील फास पाहिल्यावरच कळले.

या दृष्टीने वर्गात करता येण्याजोगी गोष्ट अगदी साधी आहे. सुभाषिताखाली ग्रंथाचे नाव आणि श्लोकांक जसा छापला जातो, तसे त्यापुढे बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे नावही छापावे : क्षुद्रबुद्धी कोल्हा, सुबुद्धी कावळ्यास, तिसरा ब्राह्मण, आपल्या दोन सोबत्यांस, ऋभू, निदाघास. यासाठी पाठ्यपुस्तकात एका ओळीहून अधिक जागा लागत नाही, आणि त्या ओळीवरून विद्यार्थी जे प्रश्न विचारतील त्यांना एक तास पुरणार नाही.